सही, आणि निशाणी डावा अंगठा

सही करायला मला दोन तास दिले होते. दुपारी चार ते सहा. शहरातलं एक थंडगार पुस्तकाचं दुकान, काचेचा दरवाजा, दरवाजावर वॉचमन. आत एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर टेबलक्लॉथ, त्यावर माझ्या कवितेच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती रचलेल्या, बाजूला बिसलेरीची बाटली आणि एक पेन. पेनसुद्धा दुकानाचंच. माझ्या खिशात मुकादमाचं पेन होतं, गोदामात खोकी मोजायचं. ते मी बाहेर काढलं नाही. पहिली लाज तिथं वाटली. लिहून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय ते लाजेचंच आहे.

नवा लेखक. पहिलं पुस्तक. लेखकाच्या सहीची प्रत मिळेल, असा कागद दरवाजावर चिकटवलेला. आपल्या चळवळीतल्या काही पोरांनी मला आधीच फटकारलं होतं. म्हणाले, ‘तू त्या दुकानात बसणार? पांढरपेशांच्या शोकेसमध्ये? साल्या, विकला गेलास.’ आणि वस्तीतली काही माणसं म्हणाली, ‘पोरानं नाव काढलं, आता मोठा झाला.’ दोघंही चूक. मी विकलाही गेलो नाही आणि मोठाही झालो नाही. तिथं काय झालं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आधी हिशेब. आपल्यात कविता सांगणारे पुष्कळ, हिशेब सांगणारे कमी. पाचशे प्रती छापल्या. खर्च चाळीस हजार. त्यातले पंचवीस हजार भिशीतून उचलले, पंधरा आईनं दिले. कुठून दिले ते मी विचारलं नाही, तिच्या गळ्यात आता काळी पोत आहे आणि मणी नाहीत एवढं दिसतं. म्हणजे एक प्रत पडली ऐंशी रुपयाला. किंमत ठेवली दीडशे. दुकान शेकडा चाळीस कापून घेतं, म्हणजे साठ. माझ्याकडं आले नव्वद. ऐंशी छपाईचे वजा करा. राहिले दहा. दोन तासांत अकरा प्रती गेल्या. माझी कमाई एकशेदहा रुपये. त्या दिवसाची हजेरी बुडाली पाचशे पन्नास. लोकलचं भाडं वेगळं. असा हा सोहळा.

दुकानवाल्याला मी शिव्या देत नाही. त्याला दुकानाचं भाडं आहे, विजेचं बिल आहे, चार पोरांचे पगार आहेत. शेकडा चाळीस ही त्याची रीत, सगळ्यांनाच लावतो. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा पाजला, कपात पाजला, वेगळ्या कपात नव्हे. पण त्यानं माझं पुस्तक ठेवलं कुठं? मी येण्याआधी ते कपाटात होतं, तळच्या फळीवर, ‘दलित साहित्य’ अशी चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात. कवितेचं कपाट वेगळं, डोळ्याच्या उंचीला. मी विचारलं, ‘ह्या कविताच आहेत ना?’ तो म्हणाला, ‘हो, पण तुमचे वाचक इकडे शोधतात.’ माझे वाचक! त्यांना वाकून शोधायची सवय आहे हे त्यानं आधीच धरून ठेवलेलं. गावाची रचना दुकानात कशी येते बघा. कुणी मुद्दाम करत नाही. फळी रिकामी होती, चिठ्ठी तयार होती, झालं.

गिऱ्हाइकं आली. एक चष्मेवाले गृहस्थ आले, पुस्तक उलटंपालटं करून म्हणाले, ‘आडनाव काय म्हणालात?’ पुस्तकावर आडनाव छापलेलं आहे. मी सांगितलं. ‘मूळचे कुठले?’ सांगितलं. मग त्यांना जे कळायला हवं होतं ते कळलं. मान हलवून म्हणाले, ‘छान, लिहीत राहा. पण आता जात वगैरे राहिलीय कुठं?’ आणि पुस्तक जागेवर ठेवून निघून गेले. जात राहिली नाही हे ठरवायला त्यांना माझी जात आधी विचारावी लागली! ह्याच्यावर काय बोलायचं.

आणि एक पोरगी आली. कॉलेजातली असावी. उभ्याउभ्या चार पानं वाचली. तोंडातून चकार शब्द नाही. मग दीडशे रुपये मोजले, पुस्तक पुढं केलं. मी सही केली. तिनं विचारलं, ‘लॅशिंग म्हणजे काय?’ मी सांगितलं की जहाजावर कंटेनर एकावर एक चढवतात, ते समुद्रात हलू नयेत म्हणून लोखंडी दांड्यांनी ते आवळून बांधतात, ते बांधणं म्हणजे लॅशिंग. बंदरात जहाज लागलं की ते पुन्हा सोडायचं. ती म्हणाली, ‘मग कवितेत तो माणूस स्वतःलाच बांधतोय असं आहे का?’ मी हो म्हणालो. आडनाव विचारलं नाही. तिच्याएवढं लक्ष देऊन माझी कविता आजवर कुणी वाचली नव्हती. म्हणून म्हणतो, दुकानात जाऊच नका असं सांगणाऱ्या माझ्या मित्रांनो, ती पोरगी आपल्या सभेला आली नसती. ती त्या काचेच्या आतच भेटणार होती.

पाचच्या सुमाराला दरवाजावर गलका झाला. बघतो तर आमची गँग. पाच पुरुष आणि शेडमध्ये झाडलोट करणारी मावशी. फर्स्ट शिफ्ट संपवून न्हावा शेवा स्टेशनावरून गाडी पकडून तसेच आलेले. पायात यार्डातले बूट, अंगावर पिवळी जाकिटं, जाकिटावर सिमेंटची धूळ. मावशी तेवढी लुगडं बदलून आली होती. वॉचमननं त्यांना अडवलं. ‘कुठं जायचंय? डिलिव्हरी मागच्या बाजूनं.’ डिलिव्हरी! सहा माणसं पुस्तक घ्यायला आली असतील हे त्याच्या डोक्यातच येईना. तो तरी काय करणार, तोही आमच्यासारखाच ठेक्यावर उभा. मी टेबलावरून उठून गेलो आणि म्हणालो, ‘माझी माणसं आहेत.’ त्यांना आत घेतलं. एसीत त्यांच्या अंगाला घामाचा वास यायला लागला. दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, हे जरा उशिरा आले असते तर. ज्यांच्यावर मी कविता लिहिल्या ते कवितेच्या दारात आले, आणि कवीला त्यांच्या बुटांची लाज वाटली. ही दुसरी लाज.

त्यांनी चार प्रती घेतल्या. पाचशे पन्नासच्या हजेरीतले दीडशे. एकानं पोराचं नाव घालायला लावलं, एकानं बायकोचं. मावशीनं नाव घालायला सांगितलं नाही. तिला वाचता येत नाही. पुस्तक हातात घेऊन तिनं विचारलं, ‘ह्याच्यावर तू काय केलंस बाळा?’

‘सही, मावशी.’

‘पगाराच्या कागदावर माझ्या अंगठ्यापाशी करतोस तीच?’

‘तीच.’

‘मग ह्याचे दीडशे घेतलेस. त्याचे किती घेतोस?’

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहिती हवी होती. बाजारात उभं राहून भाव विचारावा तसं तिनं विचारलं. मी काही बोललो नाही. हसून वेळ मारून नेली. ती दीडशे रुपये मोजून पुस्तक पदराखाली घेऊन गेली.

दोस्तहो, हा लेख त्या प्रश्नासाठी लिहितोय. बाकीचं सगळं प्रस्तावना.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर असं. मी मॅट्रिक आहे. आमच्या यार्डातल्या रोजंदारीच्या गँगमध्ये नीट लिहिता येणारा मी एकटा. यार्ड म्हणजे बंदराच्या बाहेरचं कंटेनरचं गोदाम. न्हावा शेव्यापासून पार पनवेलच्या रस्त्यापर्यंत अशी गोदामं पसरली आहेत. माल कंटेनरमध्ये भरायचा, कंटेनर खाली करायचा, हे आमचं काम. वीस फुटी, चाळीस फुटी. आतून दुपारी तवा तापतो. कायमच्या माणसांचे पगार बँकेत जातात, आमचे व्हाउचरवर रोख. महिन्यातून दोनदा ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन बसतो. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घेतात. अंगठ्यापाशी लिहितात ‘नि.डा.अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा. आणि अंगठ्याच्या खाली साक्षीदाराची सही लागते. ‘माझ्यासमक्ष रक्कम दिली.’ तो साक्षीदार मी. चार वर्षं.

कागदावर आकडा असतो सातशे ऐंशी. हातात पडतात पाचशे पन्नास. मधले दोनशे तीस कुठं जातात ते मला ठाऊक नाही असं मी चार वर्षं धरून चाललो. आणि मला काय मिळतं? पैसे नाही. मला टॅलीचं काम मिळतं. म्हणजे पाठीवर पोतं घ्यायचं नाही, दारात उभं राहून पेनानं खोकी मोजायची. दुपारच्या तव्यात मी नसतो, तव्याच्या दारात असतो. सावलीत. त्या सावलीत उभा राहून मी कविता लिहिल्या. पोतं उचलणाऱ्याच्या पाठीवर लिहिल्या. त्या पाठीवरून रोज दोनशे तीस रुपये उतरवून घेणाऱ्या कागदावर सहीसुद्धा मीच केली. हे झालं मावशीला द्यायचं उत्तर. दुकानात ते देता आलं नाही, म्हणून इथं देतोय.

आता कुणी म्हणेल की पोटासाठी करावं लागतं, व्यवस्थाच तशी आहे. व्यवस्था! हा शब्द आपण फार वापरतो. व्यवस्था म्हणजे कुणीतरी दुसरा, असं समजून वापरतो. पण व्यवस्थेला हात लागतो. लिहिणारा हात. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा हेच मांडलं होतं, की ज्याला वाचता येत नाही त्याला कचेरीतला लिहिणारा कागदानं नागवतो. तेव्हा लिहिणारा कोण होता ते आपल्याला माहीत आहे, त्यावर आपण टाळ्या घेतो. पण आज त्या जागेवर कोण बसलाय? माझ्या गोदामात तरी मी बसलोय. माझ्या जातीचा, माझ्या वस्तीचा, बाबासाहेबांचं नाव घेऊन दहावी झालेला मी. शिक्षणानं मला त्या कागदाच्या खालून वर आणलं आणि वर आल्याबरोबर मी साक्षीदार झालो. अंगठेबहाद्दर म्हणून ज्याला हसतात त्याचा अंगठा निदान खरा असतो. खोटी माझी सही होती.

आमच्या घरात ह्या अंगठ्याचा इतिहास आहे. आजा मराठवाड्यातला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला, दुष्काळी कामावर. तिथं हजेरीपटावर अंगठा. तिथून मुंबई, मुंबईहून बाप इकडं खाडीपार, जेव्हा हे बंदर उभं राहत होतं. १९८९ च्या मे महिन्यात न्हावा शेवा बंदर सुरू झालं. बापानंही मातीकामाच्या पटावर अंगठाच दिला. जमीन आमची नव्हती, कधीच कुठं नव्हती, त्यामुळं जमिनीच्या कागदावर अंगठा द्यायची पाळी आमच्यावर आली नाही. ती इथल्या आगरी-कोळ्यांवर आली. आमच्या गँगमध्ये एक म्हातारा आगरी आहे, तो सांगतो, ‘आमचे बापानं आंगठा दिला न् जमीन जेली.’ बस, एवढंच सांगतो, पुढं बोलत नाही. १९७० साली सिडको झाली, ठाणे-पनवेल-उरणच्या गावांची शेतं, मिठागरं संपादनात गेली. भावासाठी माणसं दि. बा. पाटलांच्या मागं रस्त्यावर उतरली तेव्हा १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच माणसं मेली. तेव्हा कुठं साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. जमीनवाल्याचा अंगठा आणि बिनजमीनवाल्याचा अंगठा आता एकाच व्हाउचरवर शेजारी शेजारी उमटतो. आणि दोन्हीच्या खाली सही माझी.

गंमत बघा, आता शिकलेल्यालाही अंगठा द्यावा लागतो. गेटावर हजेरीचं यंत्र आहे. त्याला सही चालत नाही. मॅनेजरपासून मावशीपर्यंत सगळ्यांनी बोट ठेवायचं. पण मॅनेजरचं बोट पटकन लागतं, मावशीचं लागत नाही. तीस वर्षं खराटा आणि सिमेंट, बोटाच्या रेषा झिजून गेल्यात. यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा. ती लुगड्याला बोट पुसते, थुंकी लावते, पुन्हा ठेवते. मागं रांग ओरडते. कामानं जिची रेषा पुसली, तिला यंत्र ओळखत नाही. पण पगाराच्या कागदावरचा तिचा पुसट डाग मात्र सगळ्यांना चालतो, कारण खाली मॅट्रिकवाल्याची स्वच्छ सही आहे.

आता पुस्तकाच्या सहीकडं येतो. लेखकाची सही म्हणजे काय? दुकानवाला म्हणाला, ‘सहीची प्रत लोक जपून ठेवतात.’ का ठेवतात? कारण सही सांगते की हा माणूस होता, ह्यानं हे लिहिलं आणि हा ह्याला जबाबदार आहे. साक्षीदाराची सहीसुद्धा हेच सांगते. सही दोन जातींची नसते. पुस्तकावर खरी आणि व्हाउचरवर खोटी असं हाताला करता येत नाही. व्हाउचरवर खोटी असेल तर पुस्तकावरची कशी खरी? मी लिहिलेली पिळवणुकीची कविता म्हणजे चोरानं चोरीचं केलेलं वर्णन. वर्णन चांगलं असेल, त्याला आतली माहिती असते!

आपल्या साहित्याला दुकानानं जागा दिली नाही ही तक्रार खरी आहे, जुनी आहे. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. मग आपल्या माणसांनी आपली वाट काढली. दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णाभाऊंनी १९५९ साली ‘फकिरा’ दिली. टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ ला आला. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ ला ग्रंथालीनं काढलं, आणि ग्रंथाली ही वाचकांची चळवळ म्हणूनच उभी राहिलेली. साठच्या दशकातली लहान नियतकालिकं चक्रमुद्रित निघाली, हातोहात गेली. दुकानाची वाट बघत कुणी बसलं नाही.

आणि सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर जाऊन बघा. तिथं पुस्तकाचं दुकान म्हणजे फुटपाथवर अंथरलेली ताडपत्री. खेड्यापाड्यातून, रात्रीच्या गाडीनं, शिदोरी बांधून आलेली माणसं चैत्यभूमीवर डोकं टेकवतात आणि परत जाताना पुस्तक घेऊन जातात. शासनानं १९७९ पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या खंडांसाठी रांग लावतात. ज्या बाईला वाचता येत नाही तीही नातवासाठी दहा रुपयांची पुस्तिका घेते. नागपूरला दीक्षाभूमीवर तेच. ‘मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही’ असं जे साहित्यिक माईकवर रडतात, त्यांनी त्या फुटपाथवर एक दिवस उभं राहावं. तिथं वॉचमन नसतो आणि तळची फळीही नसते, कारण सगळीच पुस्तकं जमिनीवर असतात.

पण म्हणून फुटपाथ पवित्र आणि दुकान पापी असं मी म्हणत नाही. एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. मी फुटपाथवर बसून सही केली असती आणि सोमवारी जाऊन व्हाउचरवर तीच सही केली असती, तर काय फरक पडला असता? जागा बदलून सही खरी होत नाही. आपल्यातले काही जण विचारतात, कुठं बसलास? मावशीनं विचारलं, कशावर करतोस आणि किती घेतोस? चळवळीनं विचारायला पाहिजे तो प्रश्न निरक्षर बाईनं विचारला.

म्हणून माझं म्हणणं असं. नव्या लेखकांनो, दुकानात जा. आपल्या गँगला घेऊन जा, बुटांसकट जा. वॉचमनला सवय होऊ द्या, गिऱ्हाइकाला सवय होऊ द्या आणि आपल्यालाही सवय होऊ द्या, कारण लाज आपल्यातही बसली आहे. पुस्तक कवितेच्या कपाटात ठेवायला लावा. मी लावलंय, दुकानवाल्यानं कुरकुर न करता ठेवलं. विचारायचाच अवकाश होता. पण त्याआधी घरी बसून एक यादी करा. तुमची सही आणखी कुठं कुठं लागते? कुणाच्या अंगठ्याखाली? कुठल्या सोसायटीच्या, संस्थेच्या, शिष्यवृत्तीच्या, घरकुलाच्या कागदावर? आपल्यातले शिकलेले आता क्लार्क आहेत, ग्रामसेवक आहेत, मुकादम आहेत, लेखक आहेत. सगळे सह्या करतात. त्यातल्या किती खऱ्या?

दुसरं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हिशेब छापा. छपाई एवढी, दुकानाला एवढे, लेखकाला एवढे, उसने कुणाकडून घेतले, फिटले किती. आपण ठेकेदाराला हिशेब मागतो, तर वाचकाला आधी आपला द्यावा. माझ्या पुस्तकात तो नाही. उरलेल्या प्रतींत मी हातानं लिहितोय. सही खाली, हिशेब वर.

तिसरं, जे मी केलं ते. बढाई म्हणून सांगत नाही, केल्याला फार दिवस झाले नाहीत आणि पुढं काय होईल ते माहीत नाही. पुढच्या पगाराला ठेकेदाराच्या माणसानं कागद पुढं केला. मावशीचा अंगठा उमटलेला होता. मी खाली लिहिलं, ‘माझ्यासमक्ष रुपये पाचशे पन्नास दिले’, आणि सही केली. तो बघत राहिला. मग त्यानं ते पान फाडलं. दुसरं पान काढलं. मी पुन्हा तेच लिहिलं. तेही फाडलं. शिव्या दिल्या, जातीवरून दिल्या नाहीत, आईवरून दिल्या. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात असं लिहिलेलं होतं की पगार वाटताना मुख्य मालकाचा माणूस हजर पाहिजे आणि किती दिले ते त्यानं सही करून सांगितलं पाहिजे. मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘कवी, तुझं पेन ठेव खाली.’

दुसऱ्या दिवसापासून टॅली दुसऱ्याकडं. मी तव्यात. पोती पन्नास किलोची. चार वर्षांच्या सावलीनं पाठ मऊ केली होती, पहिल्या दिवशी संध्याकाळी उभं राहता येईना. गँगनं काही म्हटलं नाही. एकानं पाणी दिलं, म्हाताऱ्या आगऱ्यानं पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते दाखवलं, मानेवर नाही, खांद्याच्या फऱ्यावर. चार वर्षं मी ते कवितेत चुकीचं लिहिलं होतं. साक्षीदाराच्या जागेवर त्यांनी एका नव्या पोराला बसवलंय, बारावी पास. त्याला मी दोष देत नाही. त्यालाही सावली पाहिजे.

पण त्याच्या पुढच्या पगाराला एक झालं. मावशीनं अंगठा पुढं केला नाही. म्हणाली, ‘आधी कागदावर किती लिहिलंय ते वाच, मोठ्यानं.’ नव्या पोरानं ठेकेदाराच्या माणसाकडं बघितलं. मागं आणखी तिघं उभे राहिले, हात खिशात घालून. पाच मिनिटं कुणी हललं नाही. शेवटी त्या पोरानं वाचलं. सातशे ऐंशी. शेडमध्ये पहिल्यांदा तो आकडा तोंडानं बोलला गेला. पैसे तेव्हाही पाचशे पन्नासच मिळाले. अंगठे शेवटी दिलेच, चूल पेटवायची होती. त्या दिवशी काही जिंकलं असं मी लिहिणार नाही. पण आता सगळ्यांना आकडा माहीत आहे, आणि माहीत आहे हे ठेकेदारालाही माहीत आहे.

संध्याकाळी गेटाबाहेर चहाच्या टपरीवर मी मावशीला म्हणालो, ‘तुला सही शिकवतो. रोज पंधरा मिनिटं.’ समोर खाडीवरचा तो नवा पूल दिसत होता, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला, बावीस किलोमीटरचा, ज्यावर आमच्यातल्या कुणाची मोटारसायकल चालत नाही, बंदी आहे. मावशी पुलाकडं बघत म्हणाली, ‘सही नको शिकवू. सही करून तुम्ही काय केलंत? मला आकडा वाचायला शिकव.’

शिकवतोय. आज सातपर्यंत आलोय. तिला आठ आणि शून्य पाहिजे.